निळ्या धुराची यॉर्दिस

माझा धंदाच लोकांच्या गाड्यांत खोट काढण्याचा. वाहन तपासणी केंद्रातल्या खड्ड्यात मी एकतीस वर्षं उभा राहिलो. डोक्यावर गाडी आली की टोकदार हातोडीने तिच्या पोटावर टकटक करायचं, चाकं हलवून बघायची आणि वर येऊन मालकाला सांगायचं की बाबा रे, खालून तुझ्या गाडीची चाळण झाली आहे. माणसं चिडतात, विनवण्या करतात, एक-दोघं रडलेही आहेत. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. मला राग येतो तो उन्हाळ्यातल्या रविवारी जुन्या गाड्या मिरवणाऱ्यांचा. वर्षभर चादरीखाली झाकून ठेवायची, दुसऱ्या गाडीच्या पाठीवर लादून मेळ्याला आणायची आणि कोणी बोट लावलं की अंगावर धावून जायचं. अशाने गाडी टिकते, नाही असं नाही. पण मग ती गाडी राहत नाही, काचेच्या कपाटातली बशी होते.

यॉर्दिस मोर्टेन्सॉनची गाडी बशी नव्हती. ती १९६३ सालची, साब कंपनीची गाडी होती आणि तिने पस्तीस वर्षं नोकरी केली, माझ्यापेक्षाही जास्त.

यॉर्दिस आमच्या नोर्बीन गावची. तिचं काम दुधाची फॅट तपासायचं. आमच्या भागातल्या साठ-सत्तर गोठ्यांत ती आळीपाळीने जायची, संध्याकाळच्या आणि पहाटेच्या धारेच्या वेळी गाईगाईचं दूध बाटलीत घ्यायची, तपासायची आणि शेतकऱ्याला तोंडावर सांगायची की तुझी ही गाय नुसतं खाते. बाटल्यांच्या पेट्या, तराजू आणि ती स्वतः, एवढं सगळं त्या गाडीत बसायचं. नोकरी संपली, गोठे एकेक करून बंद झाले, पण गाडी चालूच राहिली. दुसरी गाडी घेतली असती तर कोणी नावं ठेवली नसती. तिला विचारलं तर म्हणायची, "ही चालते की." आणि विषय संपायचा.

चालते म्हणणं सोपं आहे, चालवायला काय लागतं ते मी खालून पाहिलं आहे. आमच्याकडे सहा महिने रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ पत्र्याचं काय करतं ते सांगायला नको. एका वर्षी मी तिच्या गाडीच्या तळाला हातोडी मारली तर हातोडी आत गेली आणि आतच राहिली. मी लाल शेरा मारला, म्हणजे गाडी नापास. दुसरी एखादी बाई ओळखीचा वेल्डर शोधत बसली असती. यॉर्दिसने अठ्ठावन्नाव्या वर्षी तालुक्याच्या शाळेत वेल्डिंगच्या वर्गात नाव घातलं. वर्गात बाकीचे सोळा जण, सगळे विशीच्या आतले. पहिल्या दिवशी त्यांनी तिला चहापाण्याची बाई समजून कॉफी कुठे ठेवली म्हणून विचारलं. शेवटच्या दिवशी तेच तिच्याकडून जोड तपासून घेत होते. तिने तळाचा पत्रा स्वतः कापला, स्वतः जोडला आणि मला पाहायला बोलावलं. मी अर्धा तास हातोडी घेऊन शोधत होतो, मला खोट सापडली नाही. त्या दिवशी मी जरा घुश्शातच घरी गेलो.

या गाडीचं इंजिन टू-स्ट्रोक, मोपेडला असतं तसं. इंजिनात वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, तीस लिटरला एक लिटर. एके काळी पंपावर मिसळलेलं पेट्रोल मिळायचं. ते बंद झालं तशी यॉर्दिस मागच्या बाजूला तेलाचा डबा आणि मापाचा पेला ठेवायला लागली. आधी तेल, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. गाडीतला पेट्रोलचा काटा केव्हाच मेला होता, तो तिने दुरुस्त केला नाही. किती किलोमीटर झाले हे ती डोक्यात ठेवायची आणि टाकीत किती उरलंय ते लिटरात सांगायची. आम्ही एकदा मुद्दाम टाकी उपसून मोजलं होतं. पाव लिटरचा फरक निघाला आणि ती म्हणाली, माप चुकीचं आहे.

अशा इंजिनाच्या धुराड्यात काजळी धरते. वर्षभरात सायलेन्सर बुजतो आणि गाडी धापा टाकायला लागते. त्यावर यॉर्दिसचा उपाय असा: एप्रिलच्या शेवटच्या दिवशी सगळा गाव होळी पेटवतो, गाणी म्हणतो, थंडीला निरोप देतो. सगळे तोंड वर करून गात असायचे आणि यॉर्दिस हळूच पुढे होऊन आगीत सायलेन्सर टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दाताळं घेऊन राखेतून ओढून काढायची, दगडावर आपटायची की आतली काजळी भसाभस बाहेर. नवीन पाद्रीबाई आल्या त्या वर्षी त्यांना वाटलं, हा इथला काही जुना विधी असावा. त्यांनी भक्तिभावाने मान लववली. त्यांना खरं कोणी सांगितलं नाही.

ती गाडीवर प्रेम करायची असं म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण इतक्या शिव्या मी कोणत्याही यंत्राला खाताना पाहिलं नाही. पाण्याच्या पंपाचं सील तीनदा बदलून चौथ्यांदा गळलं तेव्हा तिने गाडीला सटवी म्हटलं, पान्हा अंगणात भिरकावला, आत जाऊन वेलचीचा पाव आणि कॉफी घेतली, मग बर्फात चाचपून पान्हा शोधला आणि पुन्हा गाडीखाली गेली. गुडघ्याखाली घ्यायला तिच्याकडे जुन्या घोंगडीची घडी होती. तिच्यावर दोन गुडघ्यांचे खड्डे पडले होते.

आणि मग जानेवारी यायचा. उणे तीस-बत्तीस. सगळ्या गावाच्या नव्याकोऱ्या गाड्यांतलं तेल खव्यासारखं घट्ट. माणसं किल्ली फिरवून फिरवून रडकुंडीला आलेली. अशा वेळी सकाळी सातला यॉर्दिसच्या अंगणातून टरटर ऐकू यायची आणि निळा धूर रस्त्यावर पसरायचा. गार वारा इंजिनाला लागू नये म्हणून ती रेडिएटरपुढचा पडदा साखळीने वर ओढून घ्यायची आणि शाळेची मास्तरीण, दवाखान्यातली नर्स, ज्याला त्याला पोचवत निघायची. काच खाली करून शेजाऱ्यांना विचारायची, "येताय का कोणी? जागा आहे." तेवढं एक सुख ती पुरेपूर भोगायची. तो तिचा हक्कच होता.

आता माझ्याबद्दल. माझी आई एलिन शेवटची चार वर्षं वृद्धाश्रमात होती, गावापासून चाळीस किलोमीटरवर. मी रविवारी जायचो. दर गुरुवारी यॉर्दिस जायची. माझ्या आईचा गोठा तिच्या फेरीत होता, तेवढीच ओळख. आईला गाडीत घालून ती तळ्याकाठी न्यायची, थर्मासमधून कॉफी पाजायची, त्यात चीजचा तुकडा घालून, आईला आवडायची तशी. आईला शेवटी माझं नाव आठवेना, पण गुरुवार आठवायचा. गाडीचा आवाज ऐकला की ती कोट मागायची. आई जूनमध्ये गेली. यॉर्दिसचे मी आभार मानले नाहीत.

त्याला कारण आहे. आमच्याकडे तोंडाने आभार मानणं म्हणजे समोरच्याला भर रस्त्यात अडवल्यासारखं आहे. कोणी तुमच्यासाठी काही केलं की तुम्ही गप्प बसता आणि महिन्याभराने त्याच्या दारात सरपणाची मोळी दिसते, किंवा पायरीवर रानफळांची बरणी. कोणी ठेवलं ते विचारायचं नसतं. यॉर्दिसला मी काय देणार होतो? सरपण ती स्वतः फोडते. रानफळं माझ्यापेक्षा तिला जास्त सापडतात.

ऑगस्टच्या मध्यावर ती गाडी तपासणीला घेऊन आली. मी धुरावरून नेहमीचे टोमणे मारले, म्हटलं, यॉर्दिस, आज डास मारायला आलीस की तपासणीला? ती म्हणाली, तुझ्या खड्ड्यात डास नाहीत, तूच आहेस. मग ती औषधाच्या दुकानात गेली आणि मी ब्रेक बघायला गाडी बाहेर काढली. केंद्रामागे नोटा घालून पेट्रोल भरायचा पंप आहे. तिथून जाताना मला एकदम सुचलं. टाकी भरून द्यावी! ती पुढे कधीतरी मोजेल, तिचं गणित चुकेल आणि काय ते तिचं ती समजेल.

तपासनिसाने गिऱ्हाइकाला काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, असा नियम आहे आणि तो नियम मीच नव्या पोरांना शिकवायचो. म्हणून मी चोरासारखा इकडेतिकडे बघत होतो. खिडकीतून साहेब दिसतो का, यॉर्दिस परत येते का. नोटा सारल्या, नळी घातली, गळ्यापर्यंत टाकी भरली, झाकण लावलं. एकतीस वर्षं ज्या गाडीच्या धुरावर मी टोमणे मारले, तिच्या टाकीत मी नुसतं पेट्रोल भरलं. तेल नाही. मला आठवलंही नाही. मी शीळ घालत आत गेलो, हिरवा शेरा मारला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

गावाआधी मोठा चढ आहे. तिथे इंजिन किंचाळलं आणि जागच्या जागी आवळलं गेलं. एका ट्रॅक्टरवाल्याने गाडी ओढत घरी नेली. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि त्याच क्षणी सगळं लख्ख दिसलं. तडक तिच्याकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. नोकरीची भीती होती, लाज होती, आणि मला वाटलं, यॉर्दिसच ती, दोन आठवड्यांत इंजिन दुरुस्त करील आणि मग मी कधीतरी सांगेन.

सप्टेंबर संपत आला तेव्हा तिचा फोन आला. गाडी विकायची आहे, म्हणाली. गोथेनबर्गचा रोलंड म्हणून एक संग्राहक आहे, दर वर्षी पत्र लिहितो, तो शनिवारी गाडी न्यायला येणार आहे. त्याला गाडीच्या तळाबद्दल चार ओळी लिहून हव्यात, तर ये.

मी शुक्रवारी दुपारी गेलो. इंजिन तिने केव्हाच खाली उतरवलं होतं. तीन पिस्टन बाकावर ओळीने ठेवलेले, तिन्ही ओरखडलेले. मला वाटलं ती शिव्या देईल. तिने एकही शिवी दिली नाही आणि मी तेव्हाच घाबरलो.

"पिस्टन मिळतील," मी म्हटलं. "तू यापेक्षा वाईट दिवस पाहिलेत."

"पिस्टनचं काही नाही रे," ती म्हणाली. "मी तेल विसरले. तेही एक वेळ समजू शकते. पण टाकी गळ्यापर्यंत भरलेली निघाली, आल्वार. मी कधी भरली ते मला आठवतच नाही. पंप आठवत नाही, पैसे दिलेले आठवत नाहीत, काही म्हणजे काही नाही."

मग तिने सांगितलं. तिची बहीण वेंदला अशीच सुरू झाली होती. आधी चुलीवरचं भांडं, मग घराची वाट. आता ती यॉर्दिसला पाव विकणारी समजते. म्हणून यॉर्दिस रोज सकाळी उठली की स्वतःची परीक्षा घ्यायची. १९७४ सालचे गोठे क्रमाने म्हणायची, प्रत्येक गोठ्यातल्या चांगल्या गाईचं नाव आणि फॅट. "तुमची रोसा, चार पूर्णांक सहा," ती म्हणाली. "बरोबर आहे ना? तुला आठवत असेल." मला काय आठवणार? मी मान हलवली. गाडी गेली की गाडी चालवायचा परवानाही परत करणार होती ती. घर सोडून वृद्धाश्रमात नाव घालायचा अर्जही तिने आणून ठेवला होता, कॉफीच्या डब्याखाली.

मी तळाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि मूग गिळून घरी गेलो. का, ते मला विचारू नका. इतक्या उशिरा सांगायचं म्हणजे हे सगळे आठवडेही सांगायचे होते.

शनिवारी सकाळी नऊला मी पुन्हा गेलो. रोलंडने ट्रेलर मागे घेत घेत अंगणात आणून लावला होता. रोलंड सभ्य माणूस, पांढरे हातमोजे घालून गाडीची दारं हळुवार उघडत-मिटत होता. यॉर्दिस किल्ली हातात धरून उभी होती. कोट घातलेला, केस विंचरलेले, कुठे अंत्यविधीला निघाल्यासारखी.

"टाकी मी भरली," मी म्हणालो.

ती रोलंडकडून माझ्याकडे वळली.

"तपासणीच्या दिवशी, केंद्रामागच्या पंपावर. तू औषधाच्या दुकानात होतीस. आईसाठी तू जात होतीस म्हणून भरली. तेल घालायचं राहिलं."

"किती लिटर?"

"एकतीस."

तिने डोळे मिटून हिशोब केला. ओठ हलताना दिसले. मग गाडीच्या उघड्या दारातच बसली.

"म्हणजे मी भरली नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे मला आठवत नव्हतं, ते बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं, यॉर्दिस."

तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. रोलंडने हातमोजे काढले आणि तो टोपी हातात घेऊन कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला त्याच्या सगळ्या चादरी माफ केल्या. तिने नाक पुसलं, उठली आणि त्याला म्हणाली की गाडी विकायची नाही, तुला उगाच हेलपाटा पडला, पण वेलचीचे पाव ताजे आहेत, खाऊन जा. तो खाऊन गेला. पत्र मात्र पुढच्या वर्षीही पाठवलं.

तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "रोज सकाळी मी डोळे उघडायला घाबरत होते. तुला ठाऊक होतं आणि तू घरी बसून जेवत होतास."

सोमवारी मी साहेबाला सगळं सांगितलं. त्याने मला लेखी समज दिली आणि यॉर्दिसची गाडी पुढे दुसऱ्याने तपासायची असं ठरलं.

हिवाळाभर दर शनिवारी मी तिच्याकडे राबलो. तिने बोलावलं नव्हतं, पण दार उघडं ठेवायची. सिलिंडर घासून घ्यायला मी तिच्याबरोबर दोनशे किलोमीटर गेलो, माझ्या गाडीतून, आणि जाऊन येऊन ती दोनच वाक्यं बोलली, दोन्ही माझ्या गिअर बदलण्याबद्दल. पिस्टन एका म्हाताऱ्याच्या माळ्यावर सापडले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. ते बसवताना तिने मला हात लावू दिला नाही. मी दिवा धरला. अडुसष्ट वर्षांची बोटं, सांधे सुजलेले, पण रिंग खाचेत बसली की ती हुंकारायची आणि मला वाटायचं, एवढं नेमकं काम मी जन्मात कधी केलं नाही. मी फक्त दुसऱ्यांच्या चुका शोधल्या.

एप्रिलमध्ये इंजिन सुरू झालं. पहिल्या किल्लीला खोकलं, दुसऱ्या किल्लीला टरटरलं, गॅरेज निळं झालं. मी शेजारच्या दाराला हात घातला तर तिने नकाराची मान हलवली. एकटी जाणार होती. आई होती त्या वृद्धाश्रमापर्यंत चाळीस किलोमीटर आणि परत, अजून बर्फ वितळत होता त्या रस्त्याने. मी तिच्या घराच्या पायरीवर दोन तास बसून होतो. चढावरून तो आवाज आला तेव्हा मी उठून अंगणात गेलो.

ती अंगणात आली, काच खाली केली. इंजिन चालूच होतं.

"आईसाठी केलंस त्याबद्दल मी तुझा आभारी आहे," मी म्हणालो. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी तोंडाने म्हटलं असेन. कान तापले माझे.

यॉर्दिसने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. अंगणात एकदम शांत झालं.

"काय म्हणालास?"

मी पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक शब्द.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," ती म्हणाली आणि गाडीतून उतरली.